एकाचंच नाव

इलुप्पैयडी
मे १९९०

प्रिय योगम,

तुझी पत्रं मिळत होती. उत्तर आलं नाही म्हणून टपालाला बोल लावू नकोस. सध्या टपाल बरं चाललंय, रस्ता उघडा आहे आणि कोलंबोची बस रोज सुटते. लिहायला बसत होते आणि उठत होते, एवढंच. दयालन उद्या सकाळच्या बसने कोलंबोला निघतोय. तुझे दीर त्याला उतरवून घेतील आणि कागद झाले की विमानात बसवतील. हे पत्र त्याच्या हाती न देता मी वेगळं टाकते आहे. तो तुझ्या दारात येण्याआधी तुला मिळावं अशी इच्छा आहे.

आधी त्याच्याबद्दल सांगते, कारण तुझा जीव तिथेच अडकला असणार. तू त्याला माझ्या ओटीत घालून गेलीस तेव्हा तो माझ्या खांद्याला लागत होता. आता दारातून वाकून आत येतो. मिशी फुटली आहे. तब्येत धड आहे, हातपाय शाबूत आहेत. डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं, म्हणून उजव्या बाजूने बोलत जा. मागून कुणी एकदम हाक मारली तर तो खाली बसतो. ते बघून घाबरू नकोस आणि त्याला हसू नकोस. तांदळाचा वाफवलेला पिट्टू अजून त्याला तितकाच आवडतो, पण आता मागून घेत नाही. वाढलं तेवढं खातो आणि ताट धुऊन ठेवतो. मी सांगूनही ऐकत नाही.

तू परदेशी गेलीस त्यानंतर इथे काय काय झालं ते तुला वर्तमानपत्रातून कळलं असेल, पण घरातलं कळलं नसणार. भारताच्या विमानांनी तांदळाची पोती टाकली तो दिवस मला आठवतो. आमच्या शेजारच्या मुत्तुवेलच्या तंबाखूच्या वाफ्यात एक पोतं पडून फुटलं आणि तो म्हातारा तांदूळ गोळा करता करता रडत होता. आपल्यामागे कुणीतरी आहे, असं त्याला वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. पुढच्या महिन्यात करार झाला आणि भारताचं सैन्य आलं. चौकात केळीचे खांब उभे केले होते, बायका कुंकवाची तबकं घेऊन उभ्या होत्या. मीही होते. यांना, तुझ्या अत्तानना, पुढे केलं, कारण गावात नोटरी तेच, इंग्रजी बोलणारे तेच, आणि भांडण सोडवायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी त्यांचंच नाव. मुत्तुवेल म्हणाला, "अय्या, आजवर आमची कुंपणं मोजलीत, आता सगळ्या बेटाचं मोजायचंय. दोरी लांब घ्या." लोक हसले. हे पण हसले. यांना मोठ्याने हसताना मी त्यानंतर फारसं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पेपरात आलेला करार पुरता वाचून काढला. चष्मा काढून मला म्हणाले, "मणी, दस्त चांगला लिहिलाय. फक्त भांडण ज्यांचं आहे त्यांच्यातल्या एका बाजूची सही नाही. दिल्लीची आहे, कोलंबोची आहे. आपण कुठे आहोत?" मी विचारलं, मग कसं व्हायचं? म्हणाले, "मोठ्या घरचा माणूस मध्ये पडलाय. निभावून नेईल." तुला माहीत आहे, मध्ये पडणाऱ्यावर त्यांचा किती विश्वास. मुत्तुवेल आणि त्याचा भाऊ एका वितीच्या जमिनीवरून विळे घेऊन उभे होते, तेव्हा हेच मध्ये जाऊन उभे राहिले होते. कोर्टात जाऊ दिलं नाही. दोघांना आपल्या ओसरीवर बसवून चहा पाजला, ताडाच्या गुळाचा खडा हातावर ठेवला, आणि ती वीत मोजून दोघांत वाटली. माणूस बसून बोलला की निम्मं भांडण मिटतं, हेच ते आयुष्यभर म्हणत आले.

छावणीचा प्रमुख होता मेजर सोढी. पंजाबचा, उंच, गोरा, बोलायला मोकळा. दोनदा आपल्या घरी जेवला. पिट्टूवर त्याने साखर मागितली, तेव्हा माझा कुगन आणि तुझा दयालन स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून खिदळत होते. मला बहनजी म्हणायचा. "तीन महिन्यांत तुमच्या पोरांकडून बंदुका घेतो आणि घरी जातो. माझ्या मुलीचं पहिलं वर्ष व्हायचंय," असं म्हणाला होता. 'पोरं' म्हणजे आपल्यातली बंदूक घेतलेली, ते तुला सांगायला नको. त्यांना आपण दुसरं काही म्हटलंच नाही कधी. त्यांनी थोड्या बंदुका दिल्या, जुन्या. मग एकमेकांवर आरोप सुरू झाले, आणि ऑक्टोबर उजाडला तोवर, ज्यांच्या गळ्यात आम्ही हार घातले होते तेच सैन्य आणि आपली पोरं एकमेकांना मारत होती.

ते दिवस मी लिहीत बसत नाही. आम्ही सगळे मुरुगनच्या देवळात होतो. आपल्या गल्लीतली चार घरं गेली. पाणी संपलं तेव्हा हे काठीला नेसायचं पांढरं वेष्टी बांधून रस्त्यावर निघाले. मी पायाला धरलं तर म्हणाले, "सोढी माझ्या घरी जेवलाय." सोढी भेटला. डोळे तांबारलेले, दाढीत धूळ. म्हणाला, "नोटरीसाहेब, तुमच्या पोरांनी माझी पोरं मारली. काल माझ्या शेजारी उभा होता तो आज नाही." हे म्हणाले, "मेजर, देवळात बायका आहेत, लेकरं आहेत. तेवढ्यांना नेल्लियडीपर्यंत चालू द्या." तो हात हलवून जा म्हणाला. सगळं देऊळ त्यांच्या मागून चालत बाहेर पडलं. कुगनने एका बाजूने आजीला धरलं होतं, दयालनने दुसऱ्या. आपली आई त्यानंतर फार टिकली नाही, ते तुला कळवलंच होतं.

त्या दिवसापासून तुझ्या अत्ताननी घर सोडल्यासारखंच केलं. सकाळी सायकल काढायची, छावणीवर जायचं, ज्यांची मुलं पकडून नेली त्यांच्यासाठी दारात उभं राहायचं. सैन्य गावाला वेढा घालायचं, पुरुषांना मैदानात रांगेत उभं करायचं, आणि डोक्यावर गोणपाट ओढलेला एक माणूस जीपमधून मान हलवायचा. त्याने मान हलवली की गेला तो मुलगा. त्यांना परत आणायला हे जायचे. रिकाम्या हाताने सहसा परत यायचे नाहीत. सोढीचा त्यांच्यावर अजून थोडा जीव होता. मुत्तुवेलचा पुवन असाच पकडला गेला. हे पाच दिवस छावणीच्या दारात बसले आणि पुवनला सायकलवर पुढे बसवून घेऊन आले. त्याच्या पाठीचं काय झालं होतं ते मी पाहिलं; हळद मीच लावली. महिन्याभरात पुवन घरातून नाहीसा झाला. पोरांच्यात गेला. मला त्याचं नवल वाटलं नाही.

पुढे पोरांचाही निरोप यायला लागला. "अय्या, छावणीवर फार येणं-जाणं बरं दिसत नाही." यांनी उलट निरोप पाठवला, "तुम्ही तुमच्या छावणीत बोलावलंत तर तिथेही येईन." मला हे सांगताना त्यांना त्यात आपण काही विशेष बोललो असं वाटत नव्हतं. मी रागावले. म्हटलं, दोन्हीकडचे एक दिवस तुम्हालाच उचलतील. तर म्हणाले, "मधल्या माणसाला दोघं शिव्या देतात, मणी. त्यावरून ओळखायचं तो मध्येच आहे." कुगनला मात्र वडिलांचं कौतुक होतं. त्यांची नक्कल करायचा. दयालनला वादी करायचा, आमच्या शेळीला प्रतिवादी, आणि आपण चष्मा नाकावर ओढून म्हणायचा, "बसा, बसून बोला." शेळी काही बसायची नाही.

मग भारताचं सैन्य जाणार अशी बातमी आली. तिकडे तुम्ही सगळ्यांनी आनंद केला असेल. आम्हीही केला असता. पण जाण्याआधी त्यांना आपल्या मागे कुणीतरी ठेवायचं होतं. त्यांच्याबरोबर असलेल्या, आपल्याच लोकांच्या पण पोरांशी वैर असलेल्या दुसऱ्या गटाला त्यांनी गणवेश दिले, बंदुका दिल्या आणि माणसं जमवा म्हणाले. माणसं कुठून यायची? त्यांनी मुलं उचलायला सुरुवात केली. बसमधून, सिनेमाच्या दारातून, शाळेच्या फाटकातून. कुगन आणि दयालन शिकवणीहून एका सायकलवर येत होते, दयालन चालवत होता, कुगन दांडीवर. सायकल तेवढी रस्त्यावर सापडली.

तुला तेव्हा लिहिलं होतं की दोघं सुरक्षित आहेत, जाफन्यात माझ्या नणंदेकडे ठेवलेत. तू तिकडे एकटी, हातात काही नाही, कळवून काय करणार होतीस? हे सायकलवरून थेट सोढीकडे गेले. इतक्या लोकांची मुलं सोडवून आणली, स्वतःच्या घरची दोन पहिल्यांदाच मागत होते. सोढीने खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाला, "नोटरीसाहेब, हे सैन्य आमचं नाही. तुमच्या लोकांनी तुमच्या लोकांसाठी उभं केलंय. यात मला पडता येत नाही. हा तुमचा घरचा मामला." यांनी विचारलं, "मेजर, अडीच वर्षं तुम्ही आमच्या घरात आहात. आजच घरचा मामला झाला?" तो खाली मान घालून बसला होता. पण शब्द बदलला नाही. जाताना म्हणाला, "माझ्या हातात असतं तर मी इथे आलोच नसतो." एवढंच यांनी घरी येऊन मला सांगितलं, आणि बूट न काढता ओसरीवर बसून राहिले.

एकदा आम्हाला मुलं भेटली. तारेच्या पलीकडे उभी केली होती. डोकी भादरलेली, गणवेश अंगावर लोंबत होते. कुगनच्या हातात त्याच्या छातीएवढी बंदूक. मी केळी नेली होती. कुगन म्हणाला, "अम्मा, रडू नकोस, इथे भात बरा देतात." मग हळूच, "चालवायला पुरतं शिकवलंही नाही अजून." दयालन डाव्या कानावर हात धरून उभा होता, तेव्हाच तो दुखत होता. वडिलांकडे बघून कुगन म्हणाला, "अप्पा, आता प्रतिवादी मी." यांनी तारेतून हात घालून त्याचं डोकं चाचपलं.

सैन्य आपल्या भागातून निघालं ते सकाळीच. ट्रकामागून ट्रक गेले. दारात कुणी उभं नव्हतं. सोढीने घरासमोर जीप थांबवली, उतरून हात जोडले. यांनीही जोडले. दुपारी पोरं आली आणि मागे ठेवलेल्या त्या मुलांना त्यांनी वेढलं. थोडा गोळीबार ऐकू आला, लवकर थांबला. लढायला तिथे होतंच कोण? मुलांनी बंदुका टाकल्या. त्यांना आपल्या गावच्या शाळेत कोंडल्याचं कळलं, आणि पोरांचा तिथला म्होरक्या पुवन आहे हेही कळलं. ते ऐकल्यावर, योगम, मी देवापुढे दिवा लावला. म्हटलं, ज्याच्या पाठीला मी हळद लावली तो आहे. आता दोघं येतील.

यांनी पिशवीत दोन सदरे घेतले, एक कुगनचा निळा, एक दयालनचा. गणवेशात घरी आणायचं नाही म्हणाले. मी चुलीवर पाणी ठेवलं, दोघांना आंघोळ घालायची म्हणून. तिन्हीसांजेच्या आधी गल्लीच्या टोकाला हे दिसले, बरोबर एक जण. निळा सदरा. मी पायऱ्या उतरून धावले, अर्ध्या गल्लीत गेले, 'कुगन' म्हणून हाकही मारली. दयालन होता. यांच्या हाताला पिशवीतून आला तो सदरा त्यांनी त्याच्या अंगात घातला होता. मी त्याला जवळ घेतलं. घेतलं, योगम. मग त्याच्या मागे पाहिलं.

दयालनने मला त्या रात्री जेवताना सांगितलं. वर्गात सगळे भिंतीला टेकून बसले होते. बाहेरून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो घाबरला. कुगन त्याला म्हणाला, "जा, अप्पा आले असणार. मी मागून येतो." एकेकाला बोलावताहेत असंच त्यांना वाटलं. दयालन अजूनही तेच धरून आहे, की सोडताना पोरांनी त्याचं नाव आधी घेतलं आणि कुगनची पाळी यायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा शाळेत गेले. शाळा रिकामी होती. खाजणाकडे ट्रॅक्टर गेले असं लोकांनी सांगितलं. नंतर तीन मुलं गावात परत आली, त्यांतल्या एकालाही पुढचं माहीत नाही. आम्हाला काही मिळालं नाही, त्यामुळे अंत्येष्टीही करता येत नाही. तुझ्या प्रत्येक पत्रात तू कुगनचं विचारतेस, दोघांना एकदमच पाठवा, एजंटशी दोघांचं बोलणं झालंय म्हणतेस. आता कुगनचं बोलणं मोडून टाक.

रिकामी शाळा बघून आल्यावर हे विहिरीच्या काठावर बसले, आणि मी न विचारताच सांगितलं. आदल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पुवन खुर्चीवर बसला होता. यांना बघून उठून उभा राहिला. यांनी सुरुवातीला सगळ्याच मुलांसाठी शब्द टाकला. ही जबरदस्तीने नेलेली लेकरं आहेत, घरी जाऊ द्या. पुवन म्हणाला, "अय्या, ते माझ्या हातात नाही." मग हे म्हणाले, निदान माझी दोन. पुवन म्हणाला, "तुम्ही मला एकदा बाहेर काढलंत. एकाला एक. नाव सांगा." यांनी सांगितलं, दोघंही माझेच. पुवन म्हणाला, "शेजारी वाढलोय मी, अय्या. कोण कुणाचा मला ठाऊक आहे. एकाचंच नाव सांगा, नाहीतर तसेच जा." त्यांनी दयालनचं नाव सांगितलं. मी विहिरीशी उभी होते, हातात दोर होता. मी विचारलं, का? म्हणाले, "कुगन माझा होता, म्हणून त्याला मागे ठेवायचा अधिकार माझा होता. दयालनला ठेवायचा मला काय अधिकार? तो तुझ्या बहिणीने आपल्यावर सोपवलेला." सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनीचे न्याय केलेला माणूस होता ना. स्वतःकडे माप झुकू द्यायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं.

आता ते फारसं बोलत नाहीत. कुणी कुंपणाचा तंटा घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवतात. पुवनचा बाप मुत्तुवेल रोज येऊन ओसरीच्या पायरीवर बसतो. दोघं समोर बघत राहतात. कोलंबोत पोरं आणि सरकार मोठ्या हॉटेलात बोलणी करताहेत म्हणे. गावातले शहाणे म्हणतात, या वेळी जमेल. दुकानदार मात्र रॉकेल आणि साखर साठवायला लागलेत. मला दुकानदारांचं खरं वाटतं.

योगम, दयालनला यातलं काही सांगू नकोस. पोरांनी त्याचंच नाव आधी घेतलं, एवढंच त्याच्याजवळ राहू दे. तुझ्या अत्तानना आभाराचं पत्र लिहू नकोस, ते त्यांच्याने वाचलं जाणार नाही. गावात सगळे म्हणतात, असा माणूस होणे नाही. माझ्यासमोर म्हणतात, आणि मी मान हलवते. तुला मात्र खरं सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. त्या व्हरांड्यात मी असते तर मी कुगन म्हटलं असतं. क्षणभरही थांबले नसते. तुझा मुलगा मी आत ठेवून आले असते, आणि तुला तोंड कसं दाखवायचं याचा विचार माझ्या मनात आला नसता. तो परत आल्यापासून चार महिने मी त्याला जेवू घातलं, त्याच्या कानात तेल घातलं, आणि रोज घास घेताना त्याच्याकडे बघून हेच मनात आलं. म्हणून त्याला एवढ्या घाईने पाठवते आहे. कागदांसाठी तो अजून महिनाभर इथेही थांबू शकला असता. तो पोचला की आम्हाला कळवू नकोस. तो पोचणारच. मी तुझी अक्का आहे की नाही, ते हे वाचल्यावर तूच ठरव. मी मात्र दुसरं काही लिहू शकत नाही, म्हणून लिहिते,

तुझीच,
मणी अक्का